प्रागमधली भिशी

मम्मीच्या भिशीत दहा जणी आहेत. महिन्याला पाच हजार, दहा तारखेला चिठ्ठी, आणि जिचं नाव निघेल तिच्या घरी चहा-गाठिया. सचिनला आमच्या सोसायटीत ही भिशी मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहे. त्या वेळी ती पाचशेची होती. २०२३च्या जूनमध्ये मम्मीची चिठ्ठी निघाली. त्या पन्नास हजारांत स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा हे वर्षभर ठरलेलं होतं. कडप्पा काढून ग्रॅनाइट. कारागीर मापंसुद्धा घेऊन गेला होता.

त्याच आठवड्यात मी घरात सांगितलं की आम्ही चार मैत्रिणी युरोपला जायचं म्हणतोय.

मैत्रिणींची नावं इथे घालायची नाहीत अशी त्यांची अट आहे. कॉलेजमध्ये पडलेली नावं चालतील म्हणाल्या. एक सीए, तेव्हा ती आर्टिकलशिप करत होती, आणि चहाच्या टपरीवरही सुट्टे मोजून घ्यायची. दुसरी शेठाणी, तिच्या पप्पांचं कापडाचं दुकान आहे. तिसरी जर्मनी. ती आमच्याच सोसायटीतली, ड्रेस्डेनला एम.एस. करायला गेलेली. ड्रेस्डेनहून प्राग बसने साधारण दोन तासांवर आहे. शेठाणीला खरं तर पॅरिस हवं होतं, पण सीएने कॉम्प्युटरवर तक्ता मांडला आणि पॅरिस पहिल्या पाच मिनिटांत बाद झालं.

माझा पगार तेव्हा अठ्ठावीस हजार होता. साठवलेले चाळीसेक हजार होते. बाकीचं कसं होणार हे मलाच ठाऊक नव्हतं. आजी म्हणाली, पितृपक्षात कोणी प्रवासाला निघतं का? आता पितृपक्षातच तिकिटं स्वस्त मिळत होती, हे आजीला कसं सांगणार! पप्पा जेवत होते. ते म्हणाले, "कोणता देश म्हणालीस?"

"चेक. चेक रिपब्लिक. राजधानी प्राग."

"म्हणजे पूर्वीचा चेकोस्लोवाकिया ना? अगं, पाण्याचा लूम तिथलाच."

पप्पा सचिन जीआयडीसीत वॉटरजेट लूमच्या खात्यात मास्तर आहेत. खानदेशातून सुरतला आले ते साध्या लूमवर, आडव्या धाग्याच्या कांड्या बदलायला. नंतर धोट्याचे लूम जाऊन पाण्याचे आले. धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावायचा, त्याऐवजी पाण्याची बारीक पिचकारी तो धागा फेकते. पाणी न शोषणारा धागाच त्यावर चालतो, म्हणून पॉलिएस्टर, नायलॉन. म्हणून सुरतची साडी. पप्पांना त्यांच्या जुन्या मास्तरांनी कधीतरी सांगितलं होतं की ही युक्ती चेक लोकांची, जपान्यांनी ती पुढे नेली. मी नंतर शोधून पाहिलं. खरंच होतं. व्लादिमीर स्वाती नावाच्या तिथल्या इंजिनिअरने १९५०च्या दशकात असा लूम बनवला. (या स्वातीचा आपल्या स्वातीशी काही संबंध नाही. पण पप्पांना ते नाव फार आवडलं.)

परवानगी मिळाली ती त्या लूममुळे, असं माझं मत आहे. पैसे मात्र मम्मीने दिले. ओट्याचं विचारलं तर म्हणाली, "कडप्पा काय पळून चालला नाही."

मग कागदपत्रं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, कमीत कमी तीस हजार युरोचा प्रवास विमा, आणि व्हिसाची तेव्हाची ऐंशी युरो फी, जी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. ठसे देऊन बाहेर आल्यावर वडापाव खाताना सीए म्हणाली की हा वडापावसुद्धा ट्रिपच्या हिशोबात धरायचा. तेव्हा आम्ही हसलो होतो.

अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही तिघी मुंबईहून निघालो. जर्मनी प्रागच्या बसस्टँडवर भेटणार होती.

बॅगेत खाखरे, थेपले, शेंगदाण्याची चटणी, मूगडाळ, तांदूळ आणि मम्मीचा काळा मसाला. पाठीवरच्या सॅकला त्या मसाल्याचा वास लागला होता, तो अजून गेलेला नाही. विमानतळावरून ११९ नंबरची बस, मग मेट्रो. सीएने आधीच वाचून ठेवलं होतं की तीन दिवसांचं तिकीट तेव्हा ३३० कोरुनांना मिळायचं, ते एकदा पिवळ्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, मग ट्राम, बस, मेट्रो सगळं चालतं. एक कोरुना म्हणजे तेव्हा साधारण पावणेचार रुपये. पहिले दोन दिवस आम्ही प्रत्येक गोष्टीला पावणेचारने गुणत होतो. पाण्याची बाटली बघून शेठाणीसुद्धा नळ शोधायला लागली.

राहायला झिझकोव्ह नावाच्या भागातलं एक होस्टेल. फक्त मुलींची आठ बेडची खोली, एका बेडचे रात्रीला साडेचारशे कोरुना. खिडकीतून एक उंच टीव्ही टॉवर दिसायचा आणि त्याच्यावर रांगणारी बाळं चढताना दिसायची. खरंच, मोठाल्या बाळांचे पुतळे लावलेत त्या टॉवरवर. खालच्या बेडवर ऑस्ट्रेलियाची एक मुलगी होती. मी गावाचं नाव सांगितलं तर ती उठून बसली. "सचिन? तेंडुलकर?" मी म्हटलं, आमचं गाव त्याच्या खूप आधीचं आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींनी १७९१मध्ये तिथे संस्थान केलं. तिला यातलं तेंडुलकर सोडून काही कळलं नाही, पण त्यानंतर ती रोज मला "गुड मॉर्निंग, सचिन" म्हणायची.

पहिल्याच संध्याकाळी मी भिशी मांडली. प्रत्येकीने अडीच हजार कोरुना काढायचे. त्या दहा हजारांतून चौघींचं खाणं, शहरातली तिकिटं, किरकोळ खर्च. पैसे माझ्याकडे, चेनच्या पाऊचमध्ये, वही सीएकडे. तिघींचे पैसे आले. जर्मनी म्हणाली, "माझं कार्ड इथल्या मशीनमध्ये चालत नाहीये, उद्या देते." सीएने वहीत लिहिलं: जर्मनी, बाकी २५००.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठाणीने आम्हाला वेगळाच खेळ दाखवला. जुन्या शहराच्या चौकाजवळ 'कमिशन शून्य' अशी पाटी बघून तिने दोनशे युरो बदलून घेतले. हातात आले ३२००. सीएने भाव विचारला, डोक्यात भागाकार केला आणि तिचा चेहराच बदलला. युरोला सोळा कोरुना! बाजारभाव चोवीसच्या वर होता. म्हणजे सोळाशेहून जास्त कोरुना, आपले सहा हजार रुपये, एका पाटीखाली गेले. शेठाणी रडकुंडीला आली. पण २०१९पासून तिथे कायदा आहे: पैसे बदलून तीन तास व्हायच्या आत पावती घेऊन गेलं तर व्यवहार रद्द करता येतो. सीएने हेसुद्धा घरूनच वाचून आणलं होतं. आम्ही परत गेलो. काउंटरवरचा माणूस आधी ऐकूच येत नसल्यासारखं करत होता. सीएने पावतीवरची वेळ दाखवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पाच मिनिटांनी दोनशे युरो परत. तेव्हापासून आम्ही तिच्या वहीची थट्टा बंद केली.

शहराबद्दल लिहायचं तर फुकट काय काय आहे तेच आधी लिहिते, कारण आम्ही तेच पाहिलं. जुन्या चौकातलं घड्याळ १४१०चं आहे आणि अजून चालतं. तासाचा ठोका पडला की वरच्या खिडक्यांतून बारा संत फिरून जातात. एक मिनिटसुद्धा लागत नाही, आणि त्यासाठी शेकडो माणसं मान वर करून उभी. किल्ल्याच्या आवारात हिंडायला पैसे नाहीत, आतल्या वास्तूंना तिकीट. तिथलं मोठं चर्च १३४४ला बांधायला घेतलं आणि १९२९ला पूर्ण झालं. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या उड्डाणपुलांबद्दल मला जरा माया वाटली. व्हेन्सेस्लास चौकात बाटाचं जुनं मोठं दुकान आहे. बाटा कंपनी तिथलीच, १८९४मध्ये झ्लिन गावात सुरू झालेली. फोटो पाठवला तर पप्पांचा मेसेज आला: "बाटा तर आपला आहे."

मला सगळ्यांत आवडलं ते व्हिशेह्रद. नदीकाठच्या टेकडीवरचा जुना किल्ला. आता बाग आहे, आणि शेजारी एक दफनभूमी. तिथे कारेल चापेकची कबर आहे. 'रोबोट' हा शब्द त्याच्या १९२०च्या नाटकातून जगात आला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीचं राबणं. आमच्या जीआयडीसीत नवीन मशीन आलं की लोक कौतुकाने रोबोट म्हणतात. बारा तासांची पाळी करून येणाऱ्या माणसाला खरा अर्थ सांगितला तर तो हसेल की काय करेल, कोण जाणे.

हे सगळं हिंडताना जर्मनी आमच्यासोबत होती, पण जेवायला नसायची. म्हणजे असायची, खायची नाही. "मी सकाळी जास्त खाल्लंय." "मला चीज सोसत नाही." आम्ही सुपरमार्केटमधून रोहलिक नावाचे लांबट पाव आणि दही घ्यायचो, पाव तीन-चार कोरुनांना एक. तेही ती अर्धाच घ्यायची. कार्ड दुसऱ्या दिवशीही चाललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेठाणी ट्राममध्ये हळूच म्हणाली, "युरोत कमावते आणि अडीच हजार सुटत नाहीत." मी काही बोलले नाही, पण मनात माझ्याही तेच होतं. आणि त्याला कारणही होतं. पंधरा दिवसांपूर्वीच सोसायटीच्या गणपतीला जर्मनीने तिकडून पाच हजार एक रुपये वर्गणी पाठवली होती. माईकवरून नाव पुकारलं होतं, तिच्या आईने नवी साडी नेसून आरती केली होती. मम्मी मला म्हणाली होती, "बघ, लेक असावी तर अशी."

तिसऱ्या रात्री मला झोप लागली नाही. पाणी प्यायला खाली स्वयंपाकघरात गेले तर जर्मनी तिथे एकटी. त्या होस्टेलमध्ये एक कप्पा होता. जाणारे प्रवासी उरलेलं सामान तिथे ठेवून जातात, ज्याला हवं त्याने घ्यावं. कुणाचा तरी उरलेला पास्ता तिने उकळला होता आणि नुसतं मीठ घालून उभ्याउभ्याच खात होती.

मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "कार्ड चालतं. त्यात काही नाहीये."

मग हळूहळू सगळं निघालं. जर्मनीत शिकायला जायचं तर वर्षाच्या खर्चाएवढे पैसे आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. त्या वर्षी ते ११,२०८ युरो होते, महिन्याला ९३४ बाहेर यायचे. तिचे ते पैसे कर्जाचे होते. ती जिथे पार्टटाइम काम करायची तिथले तास ऑगस्टमध्ये निम्म्यावर आले. भाडं, विमा, आणि घरचा हप्ता. घरचा हप्ता ती पाठवत होती, कारण घरी सगळ्यांना वाटत होतं ती कमावते. "आणि वर्गणी?" मी विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी पाठवली होती. या वर्षी नाही पाठवली तर मम्मीला लोक विचारतील ना."

मी म्हटलं, मग आलीस कशाला? तेही विचारायला नको होतं.

"दोन वर्षांत कुणी मराठीत भांडलं नाही माझ्याशी," ती म्हणाली.

मम्मीच्या भिशीत एक रीत आहे. एखादीला अडचण असली तर ती दुसरीची चिठ्ठी मागून घेते. का हवी ते विचारायचं नाही. मागच्या वर्षी एकीने अशी चिठ्ठी घेतली, कशासाठी ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही. पैसे ती दर महिन्याला भरते. मला वाटलं, मीही तसंच करावं. पप्पांनी निघताना अडीअडचणीला म्हणून शंभर युरोची एक नोट दिली होती. सकाळी मी ती नीट भाव बघून बदलली, चोवीसशेच्या आसपास आले, वरचे माझे घातले आणि पाऊचमध्ये टाकले. सीएला सांगितलं, जर्मनीचे आले. तिने वहीत 'बाकी' खोडलं. त्या रात्री आम्ही मम्मीचा काळा मसाला घालून खिचडी केली आणि जर्मनीने तीनदा घेतली. ऑस्ट्रेलियाची मुलगीही आली, घाम पुसत खाऊन गेली. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

ते एकच दिवस टिकलं. पाऊचमध्ये मी पैसे बदलल्याची पावती राहून गेली होती. सीएने ती बघितली. शंभर युरो, तारीख, वेळ. तिने मला जिन्यात गाठलं. "ही नोट तुझ्या पप्पांची. तू माझ्या वहीत खोटं लिहायला लावलंस."

मी रीत वगैरे सांगायला लागले. ती म्हणाली, "तुझ्या मम्मीच्या भिशीत सगळ्या जणींना माहीत असतं की हिने चिठ्ठी मागून घेतली. का घेतली एवढंच माहीत नसतं. तू तर घेतलीच नाही म्हणून सांगितलंस. आम्ही दोन दिवस तिला कंजूस म्हणत होतो. माहीत असतं तर म्हटलं असतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. रात्री जर्मनीने मला जे सांगितलं ते मला सांगितलं होतं, चौघींना नाही. ते मी कसं उघड करायचं? पण सीए हिशोबाच्या बाहेरचंही बरोबर बोलत होती, हे मला जिन्यातच कळलं होतं.

मी जर्मनीला जाऊन पावतीचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी नदीकाठी बसलो असताना शेठाणीने बोटीच्या सफरीचा विषय काढला. आठवडाभर तिचं तेच चाललं होतं. जर्मनी म्हणाली, "मला परवडत नाही." आणि मग थांबली नाही, सगळं सांगितलं. हप्ता, तास, वर्गणी. शेठाणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आधी सांगायचं ना, गाढवे." मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि बोटीचं सगळ्यांनी मिळून रद्द करू म्हणायला लागली. जर्मनी चिडली. "मला परवडत नाही म्हणजे तुम्ही जाऊ नका असं नाही!" अर्धा तास मराठीत भांडण झालं, आजूबाजूचे लोक बघत होते. शेवटी शेठाणी आणि सीए बोटीने गेल्या, आम्ही दोघी काठाकाठाने चालत गेलो आणि पुलावरून त्यांना हात केला. सीएने बोटीचे पैसे वहीत भिशीबाहेर वेगळे लिहिले, दोघींच्या नावावर.

तो पूल म्हणजे चार्ल्स ब्रिज. आधीचा पूल १३४२च्या पुरात गेला, मग १३५७मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने हा बांधायला घेतला. अशी गोष्ट सांगतात की चुना घट्ट व्हावा म्हणून राज्यातल्या गावागावांतून अंडी मागवली होती, आणि एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. दिवसा त्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून निघायच्या दिवशी आम्ही पहाटे गेलो, साडेसहाला, दिवे अजून जळत होते. थंडी होती. चौघींनी मिळून एकच शाल घेतली होती. दोन फोटोवाले आणि एक झाडणारा, बाकी कुणी नाही. काठावर तीस पुतळे आणि खाली पाणी.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे दहा वाजले होते. पप्पा रात्रपाळी करून आलेले, चहा पीत होते. लूमच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर ते ओरडूनच बोलतात. तो आवाज रिकाम्या पुलावर इतका घुमला की झाडणाऱ्याने वळून पाहिलं. मी फोन फिरवून सगळं दाखवलं. मम्मी मागून म्हणाली, अंडी घातलेल्या पुलावर आज उपवासाची उभी आहेस. पप्पा बराच वेळ बघत राहिले.

"आवाज काहीच नाही गं," ते ओरडले. "आज बंद आहे का तिकडे?"

जर्मनीने माझ्या हातून फोन घेतला. "नाही काका, सगळं चालू आहे."

"तू जर्मनीवाली ना? वाळलीस. जेवनी का वं?"

"नाही काका," ती म्हणाली. "भूक लागलीय."

पाऊचमध्ये साडेसहाशे कोरुना उरले होते. पूल उतरल्यावर जी पहिली बेकरी उघडी दिसली तिथे ते सगळे संपवले. जर्मनीने दिवाळीत घरी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. हा लेखही तिने आधी वाचला आणि दोन ओळी काढायला लावल्या. जानेवारीत तिने मला नऊ हजार तीनशे रुपये पाठवले. मी पप्पांना दिले, पप्पांनी मम्मीला. ओटा अजून कडप्प्याचाच आहे. मम्मीची चिठ्ठी या फेरीत शेवटची निघाली.